ग्लॅडिओलसला बांधलेले दोरे

।। श्री खंडोबा प्रसन्न ।।
नरसिंहपूर, २१ जानेवारी १९९६

ती. म्हाळसाअक्कास म्हस्कूचा शि. सा. न. वि. वि.

रोज लिहीन म्हणत होतो आन् रोज टाळत होतो. कारण दुसरं काय न्हाय, लाज.

मोहनरावांच्या फुलबागेत अजून टिकलोय, तेवढं आईला कळव. ग्लॅडिओलसची नवी जात काढायचा त्यांना नाद हाय. पिवळ्या फुलातलं केसर चिमट्यानं काढायचं, गुलाबी फुलाचा पराग ब्रशनं आत लावायचा आन् त्या फुलाला दोरा बांधायचा, म्हंजी बी कुठलं धरायचं ते कळतं. दोरा संपला. आणायला गेलो आन् संगमावर होड्या बघत बसलो, तोवर दुकान बंद. मग देवळापुढनं लाल दोरा घेतला, तोच बांधला.

बाग रस्त्याकडंला. देवाला आलेल्या बायांना वाटलं नवसाचं झाड हाय. मूल व्हावं म्हणून त्यांनीबी दोरे बांधले. आता समद्या फुलांना दोरे, वर हळदीकुंकू. आपलं फूल कुठलं, मलाच कळंना. पहिल्याच दिवशी तोंड उघडलं असतं तर मिटलं असतं. पण एक म्हातारी महाराज म्हणून माझ्या पाया पडली. घरी मला गाढवापरीस वरचं कुणी मानलं न्हाय. गप्प बसलो. पेढेबी खाल्ले.

मोहनराव लेकीकडं गेलेत. आले की काय सांगू?

लोभ हाय तेवढा ठेव, वाढवायची माझी लायकी न्हाय.
तुझा म्हस्कू

पणदरे, २९ जानेवारी

चि. म्हस्कूस अनेक आशीर्वाद.

महाराज, पेढे पचले का? पत्र वाचून आधी हसले, मग तव्यावरची भाकरी करपली.

मोहनराव चार शिव्या देतील, नवी जात पुढल्या साली निघंल. पण त्या बायांना सांग. दोरा बांधून घरी आलं की पुढचा महिना कसा जातो ते मला ठाव हाय. आमी दोघांनी एक देव सोडला न्हाय. दर महिन्याला सासूबाई माझ्याकडं बघतात आन् मी चुलीकडं.

तुझ्या दाजींना पत्र दावलं न्हाय. डेअरीवर कुणीतरी नरसिंहपूरच्या नवसाच्या फुलाचं सांगितलं, तर जेवताना किती दिसांनी मोकळं बोलले. मला सांगवंना. तूच मिटव.

माया हाय म्हणूनच रागावते.
तुझी अक्का

नरसिंहपूर, ४ फेब्रुवारी

ती. अक्कास सा. न.

मोहनरावांना सांगितलं. रागावले न्हाईत. चष्मा लावून आपली फुलं हुडकत बसले, मग चष्मा काढून ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आज एका बाईला सांगितलं. तिनं आपला दोरा सोडला, पदराच्या गाठीत बांधला आन् गेली. तवापासून दुसरीला सांगायचा धीर होईना, म्हणून हे लिहाय बसलो.

आत्ताच एसटी थांबली. दाजी उतरलेत. मला भेटाय आले म्हणावं, तर माझ्या खोपीकडं बघतबी न्हाईत. चपला बांधावर काढल्यात, टोपी हातात घेतलीय, आन् मुठीत दोरा हाय.