एफ कंपनीतले बारा जण

१२ जून २००५, रविवार

कंपनी फोडणार!

वेंडेल ड्रिलवरून आला आणि बूट न काढता स्वयंपाकघरात येऊन बसला, तेव्हाच ओळखलं. इराकचा हुकूम तर मागेच आलाय. आज त्याला शेपूट जोडलं – शेजारच्या ऑर्डवे गावच्या कंपनीत माणसं कमी पडतात, तर आमच्या एफ कंपनीतून बारा जण तिकडे द्या. म्हणे राज्याची नॅशनल गार्ड एकच, कुठल्या गावचा माणूस कुठेही चालतो. चालतो! राजधानीत खुर्च्या उबवणाऱ्यांना चालतो.

एफ कंपनी म्हणजे आमचं गावच आहे. महिन्यातला एक शनिवार-रविवार गणवेश घालायचा, एरवी कोणी धान्याच्या कोठारावर, कोणी गॅरेजात, एक जण तर शाळेत गणित शिकवतो. यादवी युद्धाला गेली ती इथल्याच शेतकऱ्यांची कंपनी. पुढे तिचं घोडदळ झालं, तोफखाना झाला, आता पायदळ आहे. पाटी बदलते, आडनावं तीच राहतात. आर्मरीच्या, म्हणजे कंपनीच्या शस्त्रागाराच्या, हॉलमध्ये निशाण आहे, त्याला लढायांच्या फिती लटकतात, आणि त्याच निशाणाखाली आमच्या लग्नाचं जेवण झालं. वेंडेलचे वडील आर्विड या कंपनीत होते, वेंडेल आता तिचा फर्स्ट सार्जंट आहे, आणि आमचा जोएल दुसऱ्या तुकडीत, पहिल्या गाडीवरच्या मशीनगनवर.

बारा नावं कोण काढणार? कॅप्टन विम्याच्या ऑफिसात बसणारं पोरगं, तो नुसती सही करेल. नावं काढणार वेंडेल. रात्री जेवला नाही.

१४ जून

शाळेच्या स्वयंपाकघरात आज दुसरा विषय नाही. ऑर्डवेकडे ट्रक आहेत, म्हणजे हमरस्त्यावरची रसदीची कामं त्यांनाच मिळणार, असं जो तो सांगतोय. हमरस्ता म्हणजे काय ते टीव्हीवर रोज दिसतं. आमच्या पोरांना तळाच्या फाटकावर पहारा मिळेल म्हणे. आचारीणबाईंना एवढं सैन्याचं ज्ञान कुठून येतं देव जाणे, मीही त्यातलीच.

ऑर्डवेवाल्यांशी आमचं पिढ्यान् पिढ्यांचं वाकडं. कुठल्याशा शिबिरात त्यांनी आमचं निशाण पळवलं होतं, आर्विड अजून ते काल घडल्यासारखं सांगतात. आज कॉफी घेता घेता म्हणाले, "कंपनी फोडायची नसते, लॉर्ना. माणूस अनोळखी माणसासाठी धावत नाही." मग कप खाली ठेवून म्हणाले, "पण आमची फोडली नव्हती. महायुद्धात, इटलीत, एका आठवड्यात सगळे एकाच टेकडीवर गेले. इथं तारवाला सायकल घेऊन एका गल्लीतून निघायचा तो दुसऱ्या गल्लीत शिरायचा." मी विचारलं, मग फोडलेली बरी का वाईट? म्हणाले, "मला काय विचारतेस? मी परत आलो."

१९ जून, रविवार

चर्चमधून आल्यावर शेजारची मार्लीस आली, मागच्या दाराने, नेहमीसारखी न विचारता. हातात बटाटे-खिमा भाजून केलेल्या हॉटडिशचं भांडं – म्हणजे काम होतं. वेंडेल अंगणात गवत कापत होता. तिने खिडकीतून हाक मारून त्याला आत बोलावलं.

"वेंडेल, मी कधी काही मागितलंय?"

"परवाच माझी शिडी नेलीस."

"चेष्टा नको रे." ती खुर्चीची पाठ धरून उभी होती. "माझ्या ट्रेव्हरला ऑर्डवेला पाठवू नकोस. इथंच ठेव, तुझ्या नजरेखाली. नवरा गेल्यापासून मला तो एकच आहे, तुला माहितीय."

वेंडेलने मशीनचं तेल लागलेले हात पुसले. बराच वेळ पुसत होता. मग म्हणाला, "बरं. राहील इथंच."

ती रडलीच. मला मिठी, त्याला मिठी. ती गेल्यावर मी म्हटलं, जोएलचं काय? तो म्हणाला, गवत अर्धं राहिलंय.

२६ जून

पहिलंच नाव जोएलचं!

स्वतःच्या पोराचं. सगळ्यांसमोर, आर्मरीच्या हॉलमध्ये, मोठ्याने वाचलं. घरी येऊन मला सांगायचं धाडस त्याला झालं नाही, मला ते दुकानात ब्रेड घेताना कळलं. दुकानातली बाई माझा हात धरून म्हणते, "तुझ्या नवऱ्यासारखा माणूस नाही गं." मला तिचा हात झटकावासा वाटला.

घरी भांडण. असं भांडण चोवीस वर्षांत झालं नव्हतं. मी नको ते बोलले. तो एवढंच म्हणत राहिला, "दुसऱ्यांची पोरं पाठवून आपलं ठेवलं असतं तर? आपला तो बाब्या म्हणालं असतं गाव." म्हणू दे की! गावाने जन्म दिलाय का त्याला? तुला तुझं नाव मोठं करायचंय, त्यासाठी माझा पोरगा!

जोएल जिन्यात बसून ऐकत होता. "आई, पुरे. जाईन मी. ऑर्डवेवाले काय माणसं नाहीत?" एकवीस वर्षांचा आहे. त्याला वाटतं ही फुटबॉलची मॅच आहे.

त्याच्या मशीनगनवर आता ट्रेव्हर बसणार. दोघं पहिलीपासून एकत्र. जोएलने त्याला संध्याकाळी गाडीघरात बसवून काय काय शिकवलं, हसत होते दोघं.

२७ जून

वेंडेलशी बोलले नाही.

१४ ऑगस्ट

निरोप, शाळेच्या व्यायामशाळेत. बँड, गव्हर्नरच्या कचेरीतला कुणी माणूस, बर्गर, कागदी झेंडे. निशाण गुंडाळून कापडी म्यानात घातलं, परत आल्यावरच उलगडायचं अशी रीत. भाषणात सगळ्या जुन्या लढायांची नावं घेतली. मेलेल्यांची घेतली नाहीत, वेळ झाला असता.

एफ कंपनीच्या तीन बस. ऑर्डवेला जाणाऱ्या बारा जणांना एक व्हॅन, बाजूला, जणू शिक्षा झालेली मुलं. मी व्हॅनपाशी उभी राहिले. वेंडेल आला, टोपी हातात. मी गाल पुढे केला, तेवढंच. लोक बघत होते म्हणून.

९ जानेवारी २००६

प्रशिक्षण संपवून एकदाचे इराकात पोचले. आणि काय निघालं तर सगळं उलटं! जोएलच्या कंपनीला दक्षिणेला कुठल्याशा गोदामाचा पहारा मिळाला. टायर, पाण्याच्या बाटल्या, खोगीरभरती. आणि हमरस्ता आला आमच्या एफ कंपनीला.

जोएल फोनवर कुरकुरत होता. "आई, इथं टायर कोण चोरणार? मी मेलो तर कंटाळ्याने मरेन." मी इतकी हसले की फोन ओला झाला.

मग मार्लीसचा चेहरा आठवला. पण ती स्वतःच येऊन म्हणाली, "नशीब गं. वेंडेलने तर स्वतःचा पोरगा आगीत घातला होता, देवाने काढला. माझ्याही पोराला बघेल तो." केवढं मन तिचं! मी तिला कॉफी दिली. मला माझीच लाज वाटत होती, कारण आतून मी नाचत होते.

२ फेब्रुवारी

फर्स्ट सार्जंटची बायको म्हणून बायकांची फोनसाखळी माझ्याकडे. मी चौघींना, त्या चौघी आणखी चौघींना. आज सगळ्यांना समजावलं: तिकडे कोणी गेलं तर त्या कंपनीचे सगळे फोन बंद करतात, घरच्यांना समजेपर्यंत. म्हणून फोन बंद पडले तर एकमेकींना विचारत सुटायचं नाही. घरी बसायचं.

आणखी एक आपोआप ठरलं. या गावात पुढच्या दाराची घंटी कोणी वाजवत नाही – ओळखीचं माणूस मागून येतं. वाजवणारा परका, आणि मेल्याची खबर घेऊन येतात तेही परकेच. आता ती घंटी कोणालाच सोसेना. पार्सलवाला स्वतःहून म्हणाला, मी खोकी पायरीवर ठेवून जाईन, वाजवणार नाही. मार्लीसने तर घंटीवर चिकटपट्टीच लावली.

११ मार्च

वेंडेलचा फोन. बॉयलर दुरुस्त केला का? केला. वडील कसे आहेत? बरे. तू? बरी. "लॉर्ना, मला काही बोलायचंय तुझ्याशी." मी म्हटलं, मागे लोक रांगेत असतील ना तुझ्या. ठेवला.

अढी जात नाही. पोरगा सुखरूप आहे तरी जात नाही. याने तर त्याला मरायला पाठवलं होतं ना? वाचला ते देवाच्या कृपेने, याच्या नाही.

४ एप्रिल

फोन बंद.

कालपासून कोणालाच आला नाही. पत्र नाही, ईमेल नाही. शाळेत आठ जणी कामाला, एकही बोलत नव्हती. मी डाळीच्या सूपात दोनदा मीठ घातलं. पोरांनी खाल्लं, त्यांनाही माहीत होतं.

वेंडेल, वेंडेल. अढी कुठे गेली कळलं नाही. येऊ दे परत, मग भांडेन.

४ एप्रिल, संध्याकाळी

माझा फोन वाजला. सगळ्या गावात फक्त माझा! जोएल. त्यांच्या कंपनीचे फोन चालू आहेत, त्याला काहीच माहीत नाही. "बाबांशी बोललीस का?" म्हणतो. मी म्हटलं, रोज कुठे बोलतो तो. आवाज सरळ ठेवला. तो सांगत होता, टेबल टेनिसमध्ये ऑर्डवेवाल्यांना हरवलं. मला ते ऐकायचं होतं आणि फोन ठेवायचाही होता.

कोणाला सांगितलं नाही. कशी सांगणार, की माझा वाजला?

५ एप्रिल

गाडी दुपारी आली. राज्याच्या नंबराची, काळी. मी खिडकीत होते, सगळीच गल्ली खिडकीत होती. हळू आली. आमच्या दारापाशी आणखी हळू झाली, आत दोघे गणवेशात, एक जण घरांचे नंबर वाचत होता. मी "नको नको" म्हणत होते, मोठ्याने.

पुढे गेली. मार्लीसच्या दारात थांबली.

मी "देवा, उपकार" म्हणाले. तेही मोठ्याने. मग मागच्या दाराने पळाले, चपला न घालता, तिच्या मागच्या दारापर्यंत. चिकटपट्टी होती, त्यांनी दार ठोठावलं असणार. ती स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसली होती, आणि तो तरणा अधिकारी तिच्याशेजारी, तोही जमिनीवर, टोपी मांडीत धरून.

ट्रेव्हर. हमरस्त्यावर, पहिली गाडी. मशीनगनवर.

६ एप्रिल

फोन सुरू झाले. वेंडेलला काही झालेलं नाही. आवाज ओळखू येत नव्हता. दोन वाक्यं, आणि पुढच्याला फोन.

१५ एप्रिल

ट्रेव्हरला पुरलं. चर्चच्या तळघरात हॅम सँडविच, बटाट्याचं सॅलड, जेली. आर्विड जुना गणवेश घालून आले, बटणं लागत नव्हती. घडी केलेला झेंडा मार्लीसच्या मांडीवर ठेवला तेव्हा ती त्याच्या कडा सारख्या करत बसली.

सगळे गेल्यावर मी भांडी घासत होते, ती पुसत होती. मी म्हटलं, तू बस गं. ती म्हणाली, "बसले की डोकं चालतं." मग ताटाकडे बघत म्हणाली, "लॉर्ना, मीच मागितलं ना? तो तिकडे गेला असता तर आज टायर राखत असता. माझ्या तोंडाने मी मागितलं."

"तुला काय माहीत होतं? कोणालाच माहीत नव्हतं."

"वेंडेलने स्वतःचा काढून दिला, आणि माझा ठेवला. माझ्यावर उपकार केले त्याने. त्याला सांग, मी त्याच्यावर रागावले नाही. तो तिकडे मनाला लावून घेईल." मला हुंदका आवरेना. आणि ती, ती मला थोपटत होती!

बस झाली माझी अढी. फोन आला की पहिलं त्याची माफी मागणार.

१७ एप्रिल

वेंडेलचा फोन. मार्लीसचा निरोप दिला, आणि मागितली माफी. चुकले, तू आपला पोरगा पहिला पुढे केलास आणि मी तुझ्याशी असं वागले. तो मध्येच म्हणाला, "थांब, लॉर्ना. ऑर्डवेला गोदाम मिळणार हे मला माहीत होतं. नावं काढायच्या आधीच. राजधानीतल्या बैठकीत त्यांच्या फर्स्ट सार्जंटने कानात सांगितलं होतं."

मार्लीस हॉटडिश घेऊन आली होती तेव्हाही माहीत होतं? विचारलं नाही.

मी म्हणाले, "बरं केलंस." एका क्षणाचाही विचार न करता. आणि आताही लिहिताना तेच वाटतंय.

मार्लीस खाली आली आहे, ट्रेव्हरचे शर्ट जोएलला होतील का विचारायला. जाते.