पांदणीची सामुद्रधुनी

आदरणीय हरिसिंग भाऊजी,

फुलसावंगीजवळच्या तांड्यावरून तुमच्या साळ्याचा, भीमसिंगचा, वाकून राम राम. तुमचा गुडघा कसा हाय? कौसल्याबाई (तुमची कारभारीण झाली तरी आमची बहीणच) बरी असन. इकडं सर्व खुशाल हाय, फक्त मले चार दिवसांपासून घास गोड लागत नाही.

त्याचं असं झालं. टीव्हीवर होर्मुझची सामुद्रधुनी दाखवून राह्यले होते. चिंचोळी वाट, पण केवढ्या मुलखाच्या तेलाची जहाजं तिथूनच जातात! तेल एकाचं, वाट दुसऱ्याची, अन् वाटवाल्यानं डोळे वटारले की आपल्या इथं चुलीपाशी काळजी. मी म्हटलं, बाप्पा! आपले पणजे बैलांवर मीठ लादून मुलूखभर हिंडले अन् दर घाटात जकात देत गेले. वाटवाला आपल्यात कोणीच झाला नाही. अन् माझ्या धुऱ्यावरून, बांधाच्या कडेनं, तर पांदण जाते! पलीकडं सदाशिवरावांचं वावर, तिथं जायले दुसरी वाट नाही. ते ट्रॅक्टरवरून जातात, पण मले राम राम करत नाहीत (मी काय धुऱ्यावरचा गोटा हाओ?). मंग टाकल्या बाभळीच्या काट्या आडव्या. राम राम केल्याबिगर कोणालेच सोडू नको, असं रामीबाईले (आमच्या घरचीचा सोभाव तुमाले ठाऊकच हाय) बजावून मी बाजारात गेलतो.

आता आमच्या दोघा शेजाऱ्यायच्या विहिरीवरच्या मोटारी ज्या डीपीवर (विजेच्या रोहित्रावर) चालतात, ती सदाशिवरावांच्या वावरात. ती जळाली होती, अन् नवी द्या म्हणून अर्ज माझाच! रागात साफ विसरलो. दुपारी वीज कंपनीची गाडी नवी डीपी घेऊन आली. रामीनं राम राम मागितला. साहेब म्हणे, सरकारी गाडी हाय. ती म्हणे, असन. गाडी वापस! मी ओरडलो तर मलेच म्हणते, "तुमीच म्हटलं होतं ना, कोणालेच सोडू नको?"

गहू ओंबीवर आला हाय, भाऊजी. पाणी नाही भेटलं तर दाणा भरत नाही, वर्षभराची पोळी गेली. रोज ओंबी चोळून पाहतो. सदाशिवरावांचाबी गहू वाळून राह्यला. ते धुऱ्यावर उभे राहून नुसते पाहतात. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरात सर्वायले राम राम.

तुमचा,
भीमसिंग

ता.क. काट्या काल काढल्या. सदाशिवरावांनीबी हात लावला. राम राम पहिले मीच केला.

ता.क. २ ती डीपी वापस जाताना तुमच्याच अंगणात उतरवली म्हणे, अन् उद्या तुमच्याच तांड्यावर बसवणार. म्हंजे आता वीजबी तुमची अन् वाटबी तुमचीच. साहेबानं, तुमी हो म्हटलं तर न्या, असं सांगितलं. चिठ्ठी घेऊन पोरीले, वर्षाले, पुढं पाठवलं, कारण मले तोंड दाखवायची लाज वाटते. जरा बाहेर येऊन पाहा. तुमच्या वेशीवर ट्रॅक्टर उभा हाय, त्याच्यावर मी अन् सदाशिवराव बसलो हाओ. राम राम पाहिजे तेवढे घ्या.