करवती साडीची घडी

माय, काल दुपारी मी तुझी साडी पेटीतून काढली. परवा लेकीचं लग्न आहे आणि तिला हीच नेसायची आहे, म्हणून काढली. पार्लरचं शटर अर्धं खाली ओढलं, टेबलावर धुतलेली चादर अंथरली, निऱ्या बसवायला मी जो पुतळा वापरते तो बाजूला सरकवून जागा केली आणि तुझ्या पांढऱ्या पंच्याची गाठ सोडली. कडुनिंबाच्या पाल्याचा वास अजून होता, पाल्याचा मात्र भुगा झाला होता. पण वास घेत बसायला सवड कुठे मिळाली? पहिलीच घडी उलगडली. घडीच्या रेघेवर कोशाच्या रेशमाचा तो मधासारखा रंग गेला होता, रेघ पांढरट पडली होती. खिडकीशी धरून पाहिलं तर रेघेतून पलीकडचा उजेड दिसला. मग बाकीच्या घड्या पाहिल्या. अशा चार जागा निघाल्या. तू असतीस तर पहिला प्रश्न तूच विचारला असतास, की घडी किती वेळा बदलली. एकदाही नाही, माय. तू जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि एकोणीस वर्षांत मी ही गाठ एकदाही सोडली नाही.

हे कोणाला सांगायची सोय नाही. ब्रह्मपुरीपासून सावली गावापर्यंत लग्नसराईत नवरीला साडी नेसवायला मलाच बोलावतात. मी गेल्याशिवाय नवरी बोहल्यावर चढत नाही असं लोक म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मीही म्हणते. पेशवाई नऊवारी, बंगाली, गुजराती पदर, मोबाइलवर पाहून शिकलेल्या आणखी दहा तऱ्हा, सगळं येतं. कोणी आजीची रेशमी साडी घेऊन आली की आधी तिच्या आईला दहा मिनिटं ऐकवते, बाई, रेशीम एकाच घडीवर ठेवायचं नसतं, वर्षातून एकदा तरी घडी चार बोटं सरकवावी, नाहीतर तिथूनच चिरते. बायका माना डोलावतात. माझ्या स्वतःच्या पेटीत काय चाललं होतं ते माझं मला माहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

सावलीजवळच्या आपल्या घरात पुढच्या खोलीत बाबांचा माग होता, जमिनीत खड्डा करून बसवलेला, आणि उंबऱ्याशी तू. समोर मडक्यात राखेच्या पाण्यात उकळलेले कोसे, लुगडं मांडीपर्यंत वर खोचलेलं, आणि त्या उघड्या मांडीवर तू चार-पाच कोशांचे धागे एकत्र घोळवून एक धागा काढतेस. डाव्या मांडीवर तुला एक काळा गुळगुळीत पट्टा पडला होता. मला त्या पट्ट्याची लाज वाटायची आणि उकळलेल्या कोशांच्या वासाची त्याहून जास्त. शाळेत पोरी नाक धरायच्या. मी तुला म्हणायची, माय, आज नको उकळू, उद्या परीक्षा हाय. तू म्हणायचीस, "परीक्षा तुही हाय, कोशाची नाई." आणि मडकं चुलीवर ठेवायचीस. ढिवर लोकांनी जंगलात ऐनाच्या झाडांवर वाढवलेले कोसे घरी आले की सगळ्यात टणक, मोठे कोसे तू बाजूला काढून गाडग्यात टाकायचीस. ते माझ्या लग्नाच्या साडीचे. त्या एका साडीचा धागा तू मांडीवर वर्षभर काढलास. मग विणायची वेळ आली तेव्हा बाबा मागावर आणि तू त्यांच्या बाजूला, कारण करवती काठाला दोन माणसं लागतात. मधल्या अंगाच्या धाग्याचा धोटा बाबा टाकायचे, काठाचा तू, आणि प्रत्येक वेळी तांबडा धागा पिवळ्यात अडकवून घ्यायचा तेव्हा कुठे काठाला करवतीसारखे दाते येतात. तुमचं दोघांचं एरवी फारसं बोलणं नसायचं. मागावर मात्र न बोलता तुमचे हात बरोबर चालायचे.

आणि ती साडी मी नेसले नाही. हळदीच्या आदल्या दिवशी तू ती माझ्या मांडीवर ठेवलीस आणि मी म्हटलं, "माय, हे मी नाई नेसत. फोटोत गोणपाट दिसन." नागपूरहून आणलेली लाल चमकणारी साडी आधीच ठरवून ठेवली होती, इस्त्रीने जिची जर वितळायची ती. तू म्हणालीस, "बरं." एवढंच. नेसताना माझ्या मैत्रिणीने टाचण्यांचं अख्खं पाकीट संपवलं, तेव्हा तू दारातून पाहून म्हणालीस, "नेसवली का गोणी शिवली व?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण मांडवात वरात आल्याची गडबड सुरू झाली आणि मी पाणी प्यायला आत आले, तेव्हा तू मागच्या खोलीत एकटी होतीस. कोशाची साडी खाटेवर पसरली होती आणि तू तिची घडी बदलत होतीस. जुन्या रेघेवरून हात फिरवून चार बोटं सरकवलीस, नवी घडी घातलीस, पंच्यात बांधलीस. मी दारात उभी होते ते तुला कळलं की नाही, मला आजही माहीत नाही. तू रडली असतीस, मला दोन शब्द बोलली असतीस, तर मी भांडले असते आणि कदाचित भांडून नेसलेही असते. तुझ्या त्या "बरं"चा मला राग आला होता. अजून येतो.

मग एकदा तू न सांगता ब्रह्मपुरीला आलीस, बसने, मांडीवर तो पंचा घेऊन. माझी लेक पाच वर्षांची होती. तुझं अंग तेव्हाच वाळत चाललं होतं, पण तू कोणाला काही सांगत नव्हतीस. माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बसलीस, चहा बशीत ओतून घेतलास आणि म्हणालीस, "दर नवरात्रात काढजो. सावलीत पसरजो, उन्हात नाई. एकाच कुशीवर किती साल निजवशीन त्याले? घडी सरकवजो." मी पोळ्या लाटता लाटता हो म्हटलं. मग बशी खाली ठेवून तू म्हणालीस, "नेस, नको नेसू, तुही मर्जी. पन याची घडी तूच मोडजो. दुसऱ्या कोणाले पहिल्यांदा नेसू नको देजो." आपल्याकडे नव्या साडीची घडी मोडायचा मान कोणाला द्यायचा, यावरून बायकांची वर्ष वर्ष बोलणी बंद होतात. तू तो मान मला दिलास, मी गोणपाट म्हटल्यावरही दिलास. पुढचा पावसाळा तू पाहिला नाहीस. दर नवरात्रात मी पेटी उघडत होते, स्वेटर काढत होते, आणि पंचा बाजूला करून झाकण लावत होते. वेळ नव्हता असं मी स्वतःला सांगत आले. ती गाठ तुझ्या हाताची होती आणि मला तुझ्यासमोर जायची लाज वाटत होती, हे खरं कारण.

लेक आता हेमलकशाच्याही पुढे एका छोट्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. दिवाळीला आली तेव्हा गोधडी शोधताना तिला पंचा सापडला. "आई, हे काय होय?" मी म्हटलं तुझ्या आजीची साडी, आजोबांनी विणलेली. तिने गाठ सोडली नाही, नुसतं फटीतून बोट घालून पाहिलं, गालाला लावलं. तिच्या दवाखान्यामागे ऐनाची झाडं आहेत, तिथे तिने झाडावरचे कोसे पाहिले होते. म्हणाली, "लग्नात मी हेच नेसीन. घडी तेव्हाच मोडीन." मी गोणपाट म्हटलेलं तिला माहीत नाही. ती माझ्याच लग्नासाठी विणली होती, हेही माहीत नाही. तिला वाटतं, आईने तिच्यासाठी जपून ठेवली. दिवाळीपासून मी तिला खरं सांगायचं ठरवते आहे आणि दिवाळीपासून पेटीला हात लावत नव्हते.

काल मी साडी नेसून पाहिली. पेलते की नाही हे कळायला हवं होतं. नवरी नुसती उभी राहत नाही ना, माय. ती पाटावर बसते, हार घालायला हात वर करते, पन्नास जणांच्या पाया पडायला वाकते, मग स्टेजवरच्या त्या खोल सोफ्यात रुतते आणि फोटोवाला तिला दहा वेळा उठवतो. मी टाचणी एकही लावली नाही. कोसा फुगतो, निऱ्या हातात राहत नाहीत, पण थोडा वेळ तळहाताने दाबून धरला की माणूस ओळखल्यासारखा अंगाला बसतो. मी वाकले, हात वर केले, चालले. काही झालं नाही. खुर्चीवर बसले तेव्हाही काही झालं नाही. उठताना मागे कंबरेखाली बारीक आवाज आला, वाळलं पान पायाखाली यावं तसा. साडी चार बोटं फाटली. मागे हात नेऊन पाहायचं धाडस होईना. मग सोडली, टेबलावर पसरली, आणि पदराच्या टोकाला ज्या दशा तू बांधल्या होत्यास त्यांतले सहा धागे सोडवून त्यांनीच रफू केलं. तो धागा तुझ्या मांडीवरून गेलेला, त्याला दुसरा धागा कसा चालेल. रफू दिसत नाही. निदान मला चष्म्यातून दिसत नाही. बाकीच्या तीन जागांना आतून मलमलची पट्टी लावली. नेसवताना निऱ्या अशा घेणार की फाटलेली जागा आत दडेल आणि ताण पट्टीवर जाईल. पिशवीत दुसरी साडीही ठेवली आहे. तरी सकाळपासून तीनदा रफू उजेडाशी धरून पाहिलं. दोनशे लोकांसमोर पोरगी पाया पडायला वाकली आणि तो आवाज पुन्हा झाला तर काय करायचं?

काल संध्याकाळी तिचा फोन आला. तिकडे पुलावर उभं राहिलं की रेंज येते, तीही मिनिटभर.

"आई, साडी काढली का?"

"काढली."

"कशी हाय?"

"चांगली हाय."

"पदर मोकळा सोडायचा हं. पिना नाई, पट्टा नाई. आजी जशी नेसायची तशी. अन् घडी मोडली नाई ना तू?"

मी म्हटलं, "बाई, आईक, मले तुले एक सांगायचं होतं." तिकडून आवाज आला नाही. मी तरी बोलले. साडी फाटली, माझ्याकडून फाटली, एकोणीस वर्षं मी ती पाहिली नाही, तुझ्या आजीला मी असं असं बोलले होते. सगळं सांगून झालं तेव्हा फोन कानावरून काढून पाहिला. तो केव्हाच बंद झाला होता. परत लावला, लागला नाही.

ती आज दुपारच्या गाडीने निघाली आहे. हा कागद मी पंच्यात साडीबरोबर ठेवणार होते, तुझ्याकडे जाण्यासारखी तेवढीच जागा आहे. पण पंचा आता ती सोडणार, आणि तिला हे कागदावरून कळायला नको. आली की चहा देईन, जेवू घालीन, मग तोंडाने सांगेन. त्यावर ती "बरं" म्हणाली तर मी काय करेन, याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते आहे.

एक गोष्ट तिलाही सांगणार नाही, तुलाच सांगते. पेलते की नाही हे पाहायला नेसले, असं वर लिहिलं आहे. ते काम दहा मिनिटांचं होतं. मी शटर पूर्ण खाली घेतलं, आरशासमोर खुर्ची ओढली आणि हात मांडीवर ठेवून नवरीसारखी तासभर बसून राहिले. पाहायचंच होतं तर पुतळ्याला नेसवता आली असती, माय. तो तिथे बाजूलाच उभा होता.