अंकुश देवाजी मेश्राम: चौघांपैकी जो मी आहे तो

मी, अंकुश देवाजी मेश्राम, वय शाळेच्या दाखल्याप्रमाणे चोपन्न, धंदा वर्तमानपत्रात तिरपं लिहिणं, राहणार सिद्धार्थ लेआउट, नारी रोड, नागपूर, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने नाही, नशापाणी करून नाही, तर सकाळचा चहा घेऊन स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत असल्याचं डॉक्टरांनी लेखी दिलं आहे. त्याच कागदावर मी जिवंत असल्याचंही लिहून द्या म्हटलं, तर म्हणाले, "त्याचा फॉर्म वेगळा राहते." म्हणून ते मीच लिहितो. मी जिवंत आहे. मृत्युपत्रात हे वाक्य कोणी घालत नाही. माझं सगळं भांडणच त्या वाक्याचं आहे.

सरकारी नोंदीप्रमाणे मी १४ नोव्हेंबर २०२४ रोजी वारलो. त्या तारखेनंतर मी केलेलं मृत्युपत्र म्हणजे मेलेल्याने केलेलं मृत्युपत्र, आणि ते चालत नाही. हे चाललं नाही तर माझं घर माझ्या भाचीला, मेघाला, मिळणार नाही. मला बायको नाही, मूल नाही. कायदा सरळ मोठ्या भावाच्या, मनोहरच्या, दारात जाऊन उभा राहील, आणि मनोहर दार उघडंच ठेवून बसला आहे. हृदयाची झडप सैल झाली आहे, ऑपरेशन लांबवू नका, असं डॉक्टर म्हणतात. पण माझं उपचाराचं कार्ड 'मयत' म्हणून बंद आहे. तेव्हा नोंद आधी दुरुस्त होते की झडप आधी थांबते, हे ठाऊक नसल्याने लिहायला बसलो.

कलम १. मी नेमका कोण.

नाव एक, बापाचं नाव एक, आडनाव एक आणि जन्मतारीखही एक, असे चार इसम माझ्या माहितीत आहेत. मतदार याद्या, शाळांचे दाखले, सातबारे आणि पेपरची कात्रणं चाळून मी त्यांची एक फाइल केली आहे. मेश्राम आमच्या बौद्धांत आहेत, गोंडांत आहेत, कुणब्यांत आहेत. देवाजी तर आमच्या भागात दर चौथ्या घरी निघतो. राहिली जन्मतारीख. ती चौघांची एक कशी, याचं उत्तर सोपं आहे. आमच्या पिढीत माणूस जन्माला घरी यायचा, पण जन्मायचा शाळेत. आई हात धरून शाळेत नेई. हेडमास्तर म्हणत, डोक्यावरून हात ने. उजवा हात डोक्यावरून जाऊन डाव्या कानाला लागला की पोरगं सहा वर्षांचं. मग ते वर्ष मागे मोजत आणि तारीख लिहीत, १ जुलै. माझे हेडमास्तर गणपतराव यांनी त्या दिवशी सतरा पोरं एकाच तारखेला जन्माला घातली. आई सांगायची, "तुरी शेंगेवर होत्या तवा तू झाला." तुरी जुलैत शेंगेवर नसतात, हे गणपतरावांनाही माहीत होतं. पण रकान्यात तुरी मावत नव्हत्या.

तर हे चौघे. एक मिहानमध्ये विमानांची दुरुस्ती करतो. त्याच्या वीस वर्षांच्या सेवेचं सन्मानचिन्ह कुरिअरने माझ्या घरी आलं, आणि मला आलेल्या शिव्यांची पत्रं त्याच्या घरी गेली. दुसरा कोराडीच्या कॉलनीत गणिताच्या शिकवण्या घेतो. तिसरा पारशिवनीकडचा, अडीच एकर धान पेरायचा आणि गावातल्या विहिरींच्या मोटरी दुरुस्त करायचा. चौथा मी, ज्याला काहीच दुरुस्त करता येत नाही.

कलम २. मी कसा वारलो.

पारशिवनीच्या अंकुश मेश्रामांच्या डोक्यात रक्त उतरलं. त्यांना नागपूरच्या एका दवाखान्यात आणलं. (नाव लिहीत नाही. आहेत तेवढे अर्ज पुरे.) तिसऱ्या दिवशी ते गेले. खिडकीवरच्या माणसाने नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, आणि संगणकाने माझं कार्ड वर काढलं. मी २०१९ साली पित्ताशयाच्या खड्यासाठी तिथे पडलो होतो. नाव जुळलं, तारीख जुळली, बोट दाबलं गेलं. त्यांच्या पत्नी गोपिकाबाईंनी दाखवलेल्या जागी सही केली. नवरा स्ट्रेचरवर असताना बाई पत्ता तपासत बसत नाही. अशा रीतीने ते गेले आणि मी वारलो. ते आजही नोंदीत जिवंत आहेत.

हे मला दीड महिन्याने कळलं. जानेवारीत दारात एक बाई उभी. हातात पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकच्या कव्हरात दाखला.

"अंकुश मेश्राम यायचं घर हेच काय जी?"

मी म्हणालो, हेच.

"घरचं कोणी आहे काय? त्याइच्या दाखल्यावर आमच्या माणसाचं मरण चढलं म्हणते. बोलाचं होतं."

"मीच अंकुश मेश्राम."

बाईंनी दाखल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पण तुम्ही तं वारले ना जी," म्हणाल्या, आणि लगेच, "माफ करजा." मग खुर्चीच्या काठावर बसून पाणी प्यायल्या. आत माझा पंप ठिबकत होता. त्यांनी कान दिला. "वायसर गेला त्याचा. आमचे असते तं दोन मिनिटात बसवला असता." त्यांच्या नवऱ्याबद्दल मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. मी सत्तावीस वर्षं लोकांबद्दल लिहिलं, एवढं नेमकं कोणाबद्दल लिहिता आलं नाही.

कलम ३. घर.

प्लॉट क्रमांक ४१ व त्यावरचं दोन खोल्यांचं घर, गच्चीवरच्या टाकीसह, माझी भाची मेघा हिला द्यावं. मेघा नऊ वर्षांची असताना तिची आई, माझी बहीण भावना, गेली. तेव्हापासून ती याच घरात वाढली. तिला वेणी घालता येईना म्हणून मी केस कापून आणले आणि तिने आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं. ती आता नर्स आहे. मला पांढऱ्या गोळ्या कोणत्या आणि पिवळ्या कोणत्या हे तिनेच सांगायचं असतं. घर तिचंच आहे, मी फक्त कागद करतो आहे. मात्र कागदाशिवाय ते तिचं नाही, हेही मला आता पुरतं कळलं आहे.

कलम ४. मनोहर.

माझा मोठा भाऊ कचेरीतून निवृत्त झाला. कागदाचा वास त्याला इतरांच्या आधी लागतो. माझ्या मृत्यूच्या दाखल्याच्या पाच साक्षांकित प्रती त्याने काढल्या, मग मला फोन केला. "अबे, तू आहे काय?" म्हणाला. मी त्या आवाजात आनंद शोधला. अजून शोधतो आहे. त्या पाच प्रती त्याच्याकडेच राहाव्यात. त्याला माझ्या मिळकतीतून दुसरं काही देऊ नये. बाबासाहेबांचा जो फोटो त्याने आईच्या खोलीतून नेला, तो मात्र त्याने मेघाला परत करावा. तो फोटो १९५६ साली आमचा बाप दीक्षाभूमीवरून छातीशी धरून घेऊन आला होता. बापाने त्या दिवशी धर्म बदलला, नाव तेच ठेवलं. नाव बदललं असतं तर मी आज वाचलो असतो.

कलम ५. माझी पुस्तकं कॉलनीच्या वाचनालयाला. स्वतः लिहिलेली सोडून. ती वाचनालयाने तीनदा परत केली आहेत.

कलम ६. नामबंधू.

मिहानच्या अंकुशला त्याचं सन्मानचिन्ह पोचवावं. मी ते चार वर्षं टीव्हीवर ठेवलं. पाहुणे विचारायचे, मी नाही म्हणायचो नाही. कोराडीच्या अंकुशची क्षमा मागतो. शिकवणीवाल्यांवर मी एक लेख लिहिला, तो त्याच्या नावावर गेला आणि अकरा मुलं गळाली. तो भेटायला आला तेव्हा चिडला नव्हता. "सर, लेख चांगला होता. पण मी तसा शिकवत नाही," एवढंच म्हणाला. माझं लोखंडी कपाट त्याच्या वर्गाला द्यावं. त्याने काही भरून निघत नाही.

कलम ७. नोंद दुरुस्त करण्याबाबत मेघासाठी सूचना.

बेटा, मी तीन कचेऱ्या फिरलो आहे. काय होतं ते सांगून ठेवतो, म्हणजे तुझा वेळ वाचेल. अर्ज घेऊन गेलो की पहिला प्रश्न येतो:

"मयताशी नातं काय?"

"मी स्वतः."

"स्वतः नाही चालत ना, सर. घरच्यानं अर्ज कराव लागते."

मग तू गेलीस, आठवतं? तुला म्हणाले, भाची वारसात येत नाही, भावाला आणा. भाऊ येणार नाही, त्याला नोंद आवडली आहे. मग गोपिकाबाई गेल्या, कारण मरण त्यांच्या घरचं. खिडकीवरचा बाबू वाईट नव्हता. त्याने दाखला दोनदा वाचला आणि म्हणाला, "ताई, हा मयत अविवाहित आहे. तुम्ही कोण त्याच्या?"

एकतीस वर्षांच्या संसारानंतर हा प्रश्न त्या बाईने त्या खिडकीपाशी उभं राहून ऐकला. पदर नीट केला.

तिकडे गावात त्यांचा दीर धानाच्या शेतावर नांगर घालून बसला आहे. वारस म्हणून सातबाऱ्यावर नाव चढवा म्हणून त्या गेल्या, तर उत्तर मिळालं की नवरा नोंदीत जिवंत आहे, त्यांनाच घेऊन या. "कुठून घेऊन येऊ जी?" त्यांनी मला विचारलं. मला, ज्याचा धंदा उत्तरं देण्याचा.

फेब्रुवारीपासून दर मंगळवारी आम्ही दोघं त्याच बाकावर बसतो. त्या पहाटेच्या बसने येतात, डब्यात दोघांपुरती भाजी-पोळी असते. शिपाई पुकारतो, "अंकुश देवाजी मेश्राम," आणि आम्ही दोघंही उठतो. शिपाई आता सरावला आहे. आधी तो हसायचा. मध्ये मी या सगळ्यावर लेख लिहिला. वाचकांना फार आवडला. कचेरीतही वाचला, बाबूने मला चहा पाजला आणि पुढच्या मंगळवारची तारीख दिली. माझ्या धंद्यावरचा माझा विश्वास त्या चहात गेला.

कलम ८. माझ्या अंत्यविधीत त्रिशरण-पंचशील म्हणावं, भाषणं करू नयेत. संपादकांना माईक देऊ नये.

कलम ९. <s>मी जिथे मरेन तिथल्या फॉर्मवर पत्ता पारशिवनीचा द्यावा, पत्नीच्या जागी गोपिकाबाईंचं नाव लिहावं आणि वारल्याचा दाखला त्यांना द्यावा. नाव, बापाचं नाव, तारीख सगळं जुळतं. माझं एक मरण त्यांच्या घरी वापरलं गेलंच आहे, दुसरं त्यांच्या कामी यावं.</s>

कलम ९ मी स्वतःच्या हाताने खोडलं आहे. वकील अस्मिता यांनी सांगितलं की हा गुन्हा आहे, हे ठेवलं तर सगळं मृत्युपत्र जाईल आणि त्यासोबत मेघाचं घर जाईल. मी म्हणालो, खोडलेलं वाचता येतं. त्या म्हणाल्या, ते मला दिसतं. मग हे गोपिकाबाईंना वाचून दाखवलं. मला वाटलं होतं त्या रडतील किंवा आभार मानतील. त्या रागावल्या.

"काहून लिवलं जी असं? माह्या माणसाले मी एकदा जाळलं. आता कागदासाठी अजून एकदा नाही जाळत. तुम्ही तुमच्या मरणानं मरजा."

मी बरं म्हणालो.

कलम १०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अस्मिता यांनी करावी. नोंदणी केलेली नाही. नोंदणीला गेलो होतो. अंगठा यंत्रावर ठेवला, यंत्राने मला ओळखलं आणि म्हणूनच नाकारलं. सबब हे साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमक्ष. हे कोणत्या कोर्टापुढे कधी आलंच, तर माझी विनंती आहे की दाखल्यावरची तारीख वाचण्याआधी त्या दोन बायांना बोलावून विचारावं. त्यांनी मला सही करताना पाहिलं आहे. माझ्याकडे याहून मोठा पुरावा नाही.

अस्मिता नावं टंकून घेत होत्या. साक्षीदाराचं लिहून देणाऱ्याशी नातं काय, असा एक रकाना त्यांच्या नमुन्यात आहे. त्यांनी गोपिकाबाईंना विचारलं.

"काहीच नाही, लिवा."

"रिकामा चालत नाही, ताई. काहीतरी लिहावं लागेल."

गोपिकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. पुढचा मंगळवार सहा दिवसांवर होता.

सांगितलं ते तसंच टंकलं आहे.

ठिकाण: नागपूर
दिनांक: ३ सप्टेंबर २०२५, म्हणजे नोंदीप्रमाणे माझ्या मृत्यूनंतर नऊ महिने वीस दिवस

लिहून ठेवणार: अंकुश देवाजी मेश्राम (सही)

साक्षीदार १: ॲड. अस्मिता ढोके (सही)
नातं: वकील

साक्षीदार २: गोपिका अंकुश मेश्राम (सही)
नातं: मंगळवारी एका बाकावर बसतो