डाव्या खांद्यावरची थाप

१२ एप्रिल १९१५, नान्सीजवळचा तळ
सुटलो एकदाचा खंदकातल्या चिखलातून! आता मी विमानातला निरीक्षक. जर्मन तोफा हेरायच्या, नकाशावर मांडायच्या, जमेल तेव्हा हाताने बॉम्ब टाकायचे. वैमानिक सार्जंट केरव्हेल पुढे, मी त्याच्या पाठीशी. इंजिनाच्या गोंगाटात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून सगळा कारभार थापांवर. डाव्या खांद्यावर थाप म्हणजे डावीकडे वळ, उजव्यावर म्हणजे उजवीकडे, दोन्हींवर म्हणजे घरी चल. जेवायला सॉसेज आणि बरी वाइन होती. मी शाळेत भूगोल शिकवायचो हे कळताच मेकॅनिक गास्पार ओरडला, "या मास्तर, दुप्रासाहेबांची जागा रिकामीच आहे!" सगळे खिदळले. केरव्हेल तेवढा ताटात बघत राहिला.

१४ एप्रिल
पहिलं उड्डाण. मी उजवी थाप दिली आणि हा गाढव डावीकडे वळला, थेट जर्मन हद्दीत! उतरल्यावर चांगला झापला. तो म्हणतो, साहेब, डावीकडे तुम्हीच मारलीत, आणि केवढ्या जोरात. कातडी कोट, सदरा काढून दाखवला. खांद्यावर पाच बोटं काळीनिळी उमटली होती. माझा पंजा त्या ठशाच्या निम्मा भरेल.

१५ एप्रिल
गास्पारला दारू पाजून सगळं काढून घेतलं. दुप्रा माझ्या आधीचे निरीक्षक. बॉम्ब टाकायला पट्टा सोडून उभे राहिले होते. केरव्हेल घाबरला, थापेची वाट न बघता वळला. ते खाली जंगलात पडले. काल आम्ही वळलो ते त्याच जंगलाकडे.
कॅप्टनना सांगितलं. ते म्हणाले, पोरांना भूगोल शिकवत होतात की भुतांच्या गोष्टी?

१७ एप्रिल
पुन्हा डावीकडे. मी दोन्ही खांद्यांवर बुक्के मारले — ढिम्म. जंगलावर तीन घिरट्या. खालून गोळ्या. उतरल्यावर केरव्हेल रडला. म्हणाला, तेव्हा दुप्रासाहेबांचं ऐकलं नाही, आता त्यांचंच ऐकणार.

१८ एप्रिल, सकाळ
दुसरा वैमानिक मागितला. नाही. उडालो नाही तर कोर्टमार्शल. मला भीती वाटते. फार वाटते.

१०.२०, हवेत
जंगल दिसतंय. केरव्हेलचा डावा खांदा हाताने झाकून धरलाय. दुसऱ्याने लिहितोय. थाप नाही. सरळ चाललोय. जमलं —

१०.२६
तो हात — आता माझ्या कमरेशी. पट्ट्याच्या बकलावर. गार बोटं, मोठी — एक कडी सुटली — बकल एका हाताने आवरत नाही, आणि खांदा सोडला तर केरव्हेल वळेल. बकल नाही धरलं तर मी —