जबानीत नसलेली आत्या

मंगळवार, १८ नोव्हेंबर

अण्णा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि या वहीत मी तुमच्याशी एकदाही बोललो नाही. माफ करा. आज बोलतोय ते तक्रार म्हणून की कबुली म्हणून, हे मलाही नीट ठाऊक नाही.

तुमच्या नातीच्या जात पडताळणीसाठी घराण्याचा जुना पुरावा हवा होता. आजोबा शाळेतच गेले नव्हते, त्यामुळे दाखला कुठून मिळणार? मग आठवलं, चाकणच्या शेतावरून चुलत आजोबांनी तुमच्यावर दावा लावला होता. खेडच्या कोर्टात नक्कल मागितली, ती तीन आठवड्यांनी हातात पडली. पहिल्याच पानावर पणजोबांचं नाव, जात, गाव. पणजीचं नाव मला तिथंच पहिल्यांदा कळलं. बाहेरच्या बाकावर बसून मी ते दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. आठव्या पानावर तुमची जबानी होती : ‘प्रतिज्ञेवर सांगतो की मी वडिलांचा एकुलता एक वारस. मला बहीण नाही.’ खाली सही, तुमचीच, शेवटच्या अक्षराखाली रेघ ओढलेली.

तुम्ही कंपनीत तपासणीला होतात. मापात केसभर फरक असलेला जॉब रद्द मालाच्या लाल डब्यात टाकायचात, आणि सुपरवायझर कितीही ओरडला तरी परत काढायचा नाहीत. सहावीत मी प्रगतिपुस्तकावर तुमची सही ठोकली तेव्हा तुम्ही हात उगारला नाहीत. शाळेत नेऊन बाईंसमोर माझ्याच तोंडून सांगायला लावलंत. त्या माणसानं शपथेवर हे सांगितलं होतं.

कोर्टाबाहेर प्रतिज्ञापत्रं टाइप करून देणाऱ्यानं नक्कल चाळली. “राव, तुमची वंशावळ ह्या कागदाशी जुळली पाहिजे. एक नाव जास्त दिसलं की साहेब विचारणार, मग बसा चकरा मारत. पोरीची ॲडमिशन थांबायची.”

तिथून मी सरळ कासारवाडीला आत्याकडे गेलो. ती दारात मेथी निवडतेय. “ये रं. वाट चुकला का काय?” मी नक्कल काढतो, ते पान तिला वाचून दाखवतो. वाचताना माझाच आवाज बारीक होतो. ती निवडायची थांबत नाही.

“ठावं हाय मला. मी तिथंच व्हते की.”

“कुठं?”

“कोर्टाच्या व्हरांड्यात. दादाचा डबा घेऊन गेलते. दार उघडंच व्हतं. लई खणखणीत बोलला.” मग ती सांगत गेली. बहीण दाखवली तर तिचाही वाटा निघेल, तिलाही दाव्यात आणावं लागेल, असं वकील म्हणाला होता. तुम्ही आदल्या दिवशी तिला विचारलंत. “मी म्हणलं, सांग न्हाई म्हणून. मग दुपारी झाडाखाली जेवाया बसलो, तर ह्याच्या घशाखाली घास उतरंना. मी म्हणलं, खा रं दादा, बहीण न्हाई तर भाकरी कुनी आणली?”

ती हसली. मी विचारलं, “अण्णा हसले?”

“त्यो कसला हसतोय! रडला. मग खाल्ल्या तीन.”

ती तेव्हा सतरा वर्षांची होती. तुम्ही विचारलंत हे खरं, पण सतरा वर्षांच्या पोरीला भावापुढे दुसरं काय म्हणता आलं असतं? हा प्रश्न तुम्हाला पडला होता का, हे मला जाणून घ्यायचं होतं. दर वर्षी त्या शेतातल्या कांद्याचं पहिलं पोतं तुम्ही खांद्यावरून तिच्या घरी पोचवायचात, त्याला मी आजवर माया समजत होतो. ती मायाच असेल. तेवढीच होती का, ते आता कळायचं नाही.

निघताना मी वंशावळीचं सांगितलं. आत्या म्हणाली, “मला कशाला घुसवतो मधी? पोरीचं काम हू दे.” अगदी सहज म्हणाली. तेव्हाही अशीच म्हणाली असेल.

अण्णा, मी तिला एक गोष्ट सांगितली नाही. ती बोलत होती तेव्हा माझ्या पिशवीत वंशावळ तयार होती. कोर्टाबाहेरच टाइप करून घेतलेली, नकलेशी तंतोतंत जुळणारी, खाली माझी सही. तुम्ही निदान तिला आधी विचारलं होतंत.

उद्या : पहिला कागद फाडून नवीन प्रतिज्ञापत्र करणे, आत्याच्या नावासह.