गुलाबदादांचं सुतक आणि गोजरबाईंचे रोडगे

लोणार,
बुधवार, भर दुपार (लाईट गेलेली)

बऱ्हाणपूर मुक्कामी असलेले आमचे थोरले चुलतबंधू गुलाबरावदादा यांच्या पायांवर सहदेव आचाऱ्याचं डोकं, आणि अन्नपूर्णावहिनींना दोन्ही हात जोडून नमस्कार.

तुमची तब्येत कशी आहे? पत्रात सगळेच विचारतात तसं हे विचारणं नाही, दादा, खरंच विचारतो. जेवण जातं का? जिना चढताना धाप लागते का? सोमवारी तुम्हाला तीनदा फोन आला आणि तुम्ही ‘हॅलो, कोन हाय बे?’ म्हटल्याबरोबर बंद झाला, तो आमच्या लेकीच्या, सुचिताच्या दुकानातून मीच केला होता. तुमचा खणखणीत आवाज ऐकून इतकं बरं वाटलं की पुढे तोंडातून शब्द फुटेना. देव तुम्हाला शंभर वर्षं आयुष्य देवो. निदान येत्या शनिवारपर्यंत तरी देवोच. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, फक्त तुमच्या सुतकात आहोत. हे वाचून पत्र फेकू नका (आणि वहिनींना इतक्यात वाचून दाखवू नका). सगळं पहिल्यापासून सांगतो.

सुलतानपूरच्या गोजरबाई तुम्हाला आठवत असतीलच. तुम्ही एसटी चालवत होता तेव्हा बाळंतपणात अडलेल्या याच बाईला घेऊन तुम्ही गाडी थेट मेहकरच्या दवाखान्याच्या दारात उभी केली होती, आणि गाडीतल्या चाळीस माणसांनी ब्रसुद्धा काढला नव्हता (एकाने काढला होता, त्याला तुम्ही रस्त्यात उतरवलं). त्या दिवशी जन्मला तो राजकुमार. नऊ वर्षांपूर्वी त्याच्यासाठी मुलगी पाहिली, साखरपुड्याची तारीख धरली, आणि आदल्या दिवशी हा घरातून नाहीसा झाला. दीड वर्ष पत्ता नाही. तेव्हा गोजरबाईंनी मारोतीच्या पारावर नवस बोलला की पोराचं घर बसू दे, पाच गावांना रोडगे घालीन, आणि तोवर पायात चप्पल घालणार नाही. मी तिथेच दुसऱ्या कोणाच्या नवसाचे रोडगे, कणकेचे जाड गोळे थापून, गोवऱ्यांच्या आरात भाजत होतो, त्यामुळे हे माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. तेव्हापासून ती बाई अनवाणी फिरते. कापसाच्या पऱ्हाटीच्या रानात अनवाणी, बाजारात अनवाणी, वैशाखात डांबरावर अनवाणी.

राजकुमार पुढे सापडला, पुण्यात. नोकरी चांगली, प्रकृती चांगली, आणि सोबत आपल्या बीबी गावचा एक मुलगा, गोकुळ. खोलीचं भाडं वाटून घ्यायला ठेवलेला सोबती नव्हे, दादा. नवरा-बायको राहतात तसे दोघे एकमेकांचे म्हणून राहतात, सहा वर्षं झाली. गोजरबाईंनी हे समजल्यावर तीन वर्षं पोराशी बोलणं टाकलं. मग यंदा संक्रांतीला काय मनात आलं कोण जाणे, एकट्याच पुण्याला जाऊन आठ दिवस राहून आल्या. परत आल्या त्या सांगत सुटल्या की राजकुमारने चहात साखर जास्त घातली तर गोकुळ ओरडतो, आणि गोकुळला यायला उशीर झाला तर राजकुमार जेवत नाही, म्हणजे घर बसलंच की! झालं. अक्षय्य तृतीयेनंतरच्या शुक्रवारी बाई सुपारी घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. शनिवारी मारोतीला रोडगे, पाच गावं, आचारी सहदेव.

आता माझी अडचण ऐका. माझ्या गळ्यात वीस वर्षं माळ आहे. आणि आपल्या आजोबांपासूनची रीत तुम्हाला ठाऊक आहे. लग्नाच्या नवसात पहिला रोडगा देवाला आणि दुसरा, तूप ओतून, आचाऱ्याने स्वतःच्या हाताने जोडीच्या ओंजळीत घालायचा. मी आजवर तीनशे जोड्यांच्या ओंजळीत घातला असेल (त्यातल्या काही पुढे कोर्टात भांडल्या, पण तो माझ्या रोडग्याचा दोष नाही). इथे ओंजळी कोणाच्या, तर दोन बाप्यांच्या. मला ते धर्मात बसेना. सुपारी तर घेऊन बसलो होतो, पण रात्रभर कूस बदलत राहिलो.

सकाळी सुचिताला सांगितलं की हे काम मी करणार नाही, देवाच्या कामाला माझं मन घेत नाही. तुम्ही तिला ओळखता. स्टँडजवळ लोकांचे ऑनलाईन फॉर्म भरून भरून या मुलीला सगळ्या जगाचे नियम पाठ झालेत. ती आत गेली आणि एक कागद घेऊन आली. सरोवर पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना गावरान जेवण देणाऱ्यांची पुण्याच्या कोणत्याशा कंपनीने यादी केली आहे, तीत तिने मागच्या वर्षी माझं नाव घातलं होतं. त्या कागदावर नववं कलम असं की धर्म, जात, लिंग किंवा लैंगिक कल पाहून कोणत्याही गिऱ्हाइकाला सेवा नाकारणार नाही, आणि खाली माझी भली मोठी सही. मी म्हणालो, अगं, सर्वांना म्हणजे काय सगळ्यांना? ती म्हणाली, हो, सगळ्यांना. मी म्हणालो, ही काही सरोवरावरची गिऱ्हाइकं नाहीत, शिवाय सरकारी कायदा असं म्हणतो का? तर ती म्हणाली, सरकारी कायद्यात खासगी धंद्याबद्दल अजून सगळं स्पष्ट नाही, वकिलांचे वाद चालू आहेत, पण सही तुमची स्पष्ट आहे. वर हेही सुनावलं की मारोती स्वतः ब्रह्मचारी, त्याने कोणाच्या लग्नात नाक खुपसल्याचं ऐकलं नाही, मग तुम्ही काऊन खुपसता? मी दिवसभर पोथी चाळली. कांदा-लसणाबद्दल पुष्कळ सापडलं. कोणाला जेवू घालू नये याबद्दल मात्र एक ओळ मिळेना. त्याच कागदावर काम रद्द करायची कारणं छापली होती. आजारपण, अतिवृष्टी, घरातील निधन. धर्माला रकानाच नव्हता.

माझी नजर तिसऱ्या कारणावर थांबली, दादा. सुतकातल्या आचाऱ्याच्या हातचं देवाला चालत नाही, त्यावर कोणाचं कलम चालत नाही आणि कोणाचं मनही दुखत नाही. रविवारी सुलतानपूरला गेलो आणि गोजरबाईंना सांगितलं की आम्हाला सुतक आलं. कोण गेलं हे त्या विचारतील एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. त्यांनी विचारलं. लांबचं, वयाचं आणि इकडे फारसं न येणारं असं एकच नाव तोंडावर आलं. माझं चुकलं. पण तुम्हीही सात वर्षांत इकडे फिरकला नाहीत, थोडा वाटा तुमचाही आहे.

गोजरबाई मटकन खाली बसल्या आणि अशा रडल्या की मला पळून जावंसं वाटलं. “मले मरनातून काहाडलं होतं गुलाबभाऊनं,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. सोमवारपर्यंत बातमी पाचही गावांत. आपला हैदर मंडपवाला (शनिवारचा मंडप त्याच्याकडेच, त्याने एका शब्दात हो म्हटलं होतं, “कापडाले का समजते भाऊ, खाली कोन बसलं”) घाबराघुबरा होऊन आला. आपल्या भावकीतले बीबीचे वामनकाका बातमी ऐकल्यावर कोणालाही काही न विचारता थेट न्हाव्याकडे गेले. दहाव्या दिवसापर्यंत थांबायचं असतं, पण घाई हा त्यांचा जन्माचा स्वभाव. ज्या मिशीवर त्यांनी चाळीस वर्षं लिंबू ठेवून दाखवलं, ती मिशी तुमच्या नावाने गेली, दादा. डोकंही गेलं, पण त्यावर फारसं काही नव्हतंच.

सोमवारी संध्याकाळी गोजरबाई कडू घास घेऊन आल्या. दुःखाच्या घरी चूल पेटवू नये म्हणून आणतात तो. स्टँडपासून आमच्या आळीपर्यंत त्या डांबरावरून अनवाणी चालत आल्या, मागे डबे घेऊन राजकुमार आणि एक उंच, चष्मा लावलेला, लाजरा मुलगा. पिठलं होतं, भाकरी होती, लसणाची चटणी होती. चटणीला मी हात लावला नाही, पण पिठलं असं होतं की एक गाठ नाही, आणि भाकरीचा पापुद्रा कागदासारखा सुटत होता. मी दोनदा मागून घेतलं (शोकात दोनदा मागू नये असं आमच्या हिने डोळ्यांनी सुचवलं). कोणाच्या हातचं आहे असं विचारलं, कारण आचाऱ्याला राहवत नाही. गोजरबाई म्हणाल्या, “गोकुळच्या हातचं हाय.” ज्याच्या ओंजळीत घालायला माझ्याकडे एक रोडगा नव्हता, त्याने माझ्या खोट्या दुःखासाठी दुपारभर चुलीपुढे बसून भाकऱ्या थापल्या होत्या. मला स्वतःची लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा चांगलं जेवण अर्धं टाकून मी हात धुतला.

काल सुलतानपूरला जाऊन सगळं कबूल केलं. गोजरबाई आधी आभाळाकडे हात करून म्हणाल्या, “बरं झालं बाई, जित्ता हाय मानूस!” मग माझ्याकडे वळल्या. “तुले सुतक नव्हतं सहदेवा, तुले त्या दोघाइले रोडगा द्याचा नव्हता. हे मले तवाच समजलं होतं. पन तू मानूस मेला म्हनला, म्हनून मी रडली.” आणि चहा टाकायला आत गेल्या. चहा गोकुळने आणून दिला. साखर कमी होती.

तर शनिवारी रोडगे मी करतो आहे. मला सगळं पटलं आहे असं समजू नका. माळ गळ्यात आहे, मनात अजून गुंता आहे, आणि तो सोडवायला मला वर्षभर लागेल. पण तोवर त्या बाईने अनवाणी चालावं, एवढा मोठा माझा गुंता नाही. आता घोटाळा एवढाच आहे की पाच गावांच्या लेखी मी सुतकात आहे. घरोघर जाऊन सांगितलं की दादा जिवंत आहेत, तर लोक एकमेकांकडे पाहतात, आणि वामनकाका म्हणतात की ज्याच्यापायी मिशी गेली त्याला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते पंगतीला बसणार नाहीत आणि कोणाला बसूही देणार नाहीत. तेव्हा तुम्ही यावं, पहिल्या पंगतीत बसावं आणि सगळ्यांच्या समोर जरा जास्त जेवावं. हे पत्र हैदरच्या हाती देतो आहे. तो उद्या मंडपाचं कापड घ्यायला बऱ्हाणपूरला येतो आणि एक रात्र मुक्काम करून शुक्रवारी परततो. त्याच्याच टेम्पोत पुढे बसून या. सोमवारी राजकुमार-गोकुळची रजा संपते, म्हणून शनिवार चुकवता येत नाही.

तुमचा, आणि तुम्हाला मारल्याबद्दल लज्जित,
सहदेव

ता. क. १ : वामनकाकांसमोर जाताना टोपी काढू नका. त्यांना तुमचे केस दिसू नयेत.

ता. क. २ : तुम्ही येतच आहात आणि घराण्यात वडीलही आहात, तर तो दुसरा रोडगा जोडीच्या ओंजळीत तुम्हीच घातला तर कसं? तुमच्या गळ्यात माळही नाही. खरं सांगायचं तर तुम्हाला बोलावण्यामागे हाही एक विचार होता.

ता. क. ३ : वरचं ता. क. २ वाचू नका. खोडलं असतं, पण शाई पसरली असती. रोडगा मीच घालीन.

ता. क. ४ : शेवटच्या पानाच्या मागे जे काढलं आहे तो सरोवराचा नकाशा नाही, गोजरबाईंचं पाऊल आहे. गोकुळने पुण्याहून आणलेल्या चपला त्यांना होत नाहीत, नऊ वर्षांत पाऊल पसरलं आणि टाचा भेगाळल्या. तुमच्या गल्लीतला तो टायरच्या तळाच्या चपला शिवणारा कारागीर अजून असेल, तर या मापाचा जोड रातोरात करून घ्या आणि सोबत आणा. कागदाची घडी पावलावरून घालू नये. माप काल गोकुळने घेतलं. पेन्सिल फिरताना गोजरबाईंना गुदगुल्या होत होत्या, त्या पाय हलवत होत्या, म्हणून कागद मी धरून बसलो होतो.